मोहनचट्टीची उडी

ऋषिकेश म्हटले की आपल्या मराठी घरांत एकाच वेळी दोन गावे डोळ्यांपुढे उभी राहतात. आजीला दिसते ती गंगेची आरती, द्रोणातले दिवे आणि बदरीकेदारची वाट. नातवंडांना दिसते ती रबरी होडी, डोक्यावरचे शिरस्त्राण आणि पायाला दोर बांधून दरीत घेतलेली उडी. आजीच्या गावाला नातवंडे जायला नाखूष आणि नातवंडांचे गाव आजीला ऐकवत नाही. मौज अशी की ही दोन्ही गावे एकाच नदीच्या एकाच काठावर आहेत. सकाळी ज्या घाटावर अर्घ्य दिले जाते, त्याच घाटासमोरून दुपारी हेल्मेटधारी तरुणांच्या होड्या आरोळ्या ठोकीत जातात, आणि काठावरचे साधू मान वर करून पाहण्याचीही तसदी घेत नाहीत!

गेल्या मार्चमध्ये आम्ही तिघे तिकडे गेलो. आमच्या सौभाग्यवतींना गंगास्नान हवे होते, सतरा वर्षांच्या कन्येला उडी हवी होती आणि मला, खरे सांगायचे तर, चार दिवस उत्तरपत्रिका नको होत्या.

हरिद्वारहून ऋषिकेश पंचवीसएक किलोमीटर. डोंगर येथे अगदी गावात येऊन उभे राहतात आणि त्यांच्या कुशीतून निघालेली गंगा सपाटीला भेटते. मार्चमध्ये तिचा रंग कच्च्या पेरूसारखा हिरवट असतो, आणि पाणी असे गार की घोट्यापर्यंत पाय बुडवला तरी मस्तकात कळ जावी. पलीकडे जायला झुलते पूल आहेत. त्यांतल्या लक्ष्मणझुल्याची हकीकत मोठी बोलकी आहे. पूर्वी येथे तागाच्या दोरांचा झुला होता. यात्रेकरूला टोपलीत बसवीत आणि ती टोपली दोरावरून पैलतीराला ओढून नेत. १८८९ साली कलकत्त्याच्या सूरजमल झुनझुनवाला या दानशूर व्यापाऱ्याने लोखंडी दोरांचा पूल बांधवून दिला. तो १९२४ च्या महापुरात वाहून गेला. मग सरकारने नवा पूल उभारला आणि तो ११ एप्रिल १९३० रोजी रहदारीला खुला झाला. नव्वद वर्षे यात्रेकरूंची ओझी वाहून तोही थकला. २०१९ च्या जुलैमध्ये तो धोक्याचा ठरवून बंद करण्याचा हुकूम निघाला.

खाली फेसाळती गंगा आणि आपण टोपलीत! वाचकहो, याला साहसी खेळ म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? फरक इतकाच की त्या टोपलीत बसणाऱ्याला कोणी पदक देत नसे आणि त्याचा फोटोही निघत नसे.

आमच्या पणजीबाई १९३६ साली या वाटेने पायी बदरीनाथला गेल्या होत्या. ऋषिकेशपासून बदरीनाथ सुमारे तीनशे किलोमीटर. जाऊन येऊन दुप्पट. त्यांनी निघण्यापूर्वी अंगावरचे डाग सुनांमध्ये वाटून टाकले, कोणाचे देणे राहिले नाही ना हे पाहिले, आणि आजोबांनी ‘आई, जाऊ नकोस’ म्हटल्यावर ‘मी विचारीत नाही, सांगते आहे’ एवढेच उत्तर दिले. परत आल्यावर मावंदे झाले, गंगेच्या सीलबंद गडूची पूजा झाली, आणि पणजीबाईंना त्या काळी गावात जो मान मिळाला तो पुढे मामलेदारालाही मिळाला नाही, असे घरी सांगत.

त्या पायवाटेवर मुक्कामाच्या जागा असत. त्यांना ‘चट्टी’ म्हणत. लक्ष्मणझुला ओलांडला की गरुडचट्टी, मग फूलचट्टी, मग मोहनचट्टी. चट्टी म्हणजे गवताने शाकारलेली पडवी आणि वाण्याचे दुकान. वाण्याकडून कणीक, डाळ, तूप घेतले की राहायला जागा आणि रांधायला भांडी फुकट. पायांत गोळे आलेले यात्रेकरू तीन दगडांच्या चुलीवर डाळ शिजवीत आणि चंद्रप्रकाशात जेवीत. मोटाररस्ता झाल्यावर वाट मोडली, चट्ट्या ओस पडल्या. नावे तेवढी राहिली. यांतले मोहनचट्टी हे नाव ध्यानात ठेवावे, पुढे त्याच्याशी गाठ आहे.

आधी होडीविषयी. गावाच्या वर सोळाएक किलोमीटरवर शिवपुरी नावाचे ठिकाण आहे. तेथे जाडजूड रबराच्या, हवा भरलेल्या होड्या पाण्यात लोटतात आणि नदी आपल्याला गावाकडे आणून सोडते. वाटेत उतार आणि खडक आले की नदी उसळते. डोंगरातले ओढे पावसाळ्यात मोठमोठे धोंडे आणून पात्रात टाकतात, पात्र चिंचोळे होते आणि एरवी शांत चाललेले पाणी तेथे चवताळते. अशा जागांची एक ते सहा अशी प्रतवारी असते. सहावा वर्ग म्हणजे बहुतेक परलोकाचे तिकीट. शिवपुरीच्या खाली तिसऱ्या वर्गापर्यंतचे पाणी लागते. त्याच्या बरेच वर, कौडियालाजवळची ‘द वॉल’ मात्र जाणत्यांनाही घाम फोडते. या खळाळांची बारशी कोणी केली देव जाणे! एकाचे नाव ‘रोलर कोस्टर’, दुसऱ्याचे ‘गोल्फ कोर्स’, तिसऱ्याचे ‘डबल ट्रबल’, आणि एक तर चक्क ‘रिटर्न टू सेंडर’. म्हणजे पत्ता न लागल्याने पाठविणाऱ्याकडे परत! भगीरथाने एवढ्या तपाने आणलेल्या नदीवर ही नावे वाचून माझ्यातला मराठीचा प्राध्यापक कळवळला. पण ‘रिटर्न टू सेंडर’च्या लाटेने तोंडात अर्धा शेर गंगा ओतली तेव्हा नावाचे औचित्य पटले.

आमचा नावाडी पंचविशीतला गढवाली तरुण होता. होडी सुटण्यापूर्वी त्याने पाऊण तास आमचा वर्ग घेतला. वल्हे कसे धरावे, ‘गेट डाऊन’ म्हणताच कसे खाली बसावे, पाण्यात पडल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला कसे ठेवावे, फेकलेला दोर छातीशी कसा धरावा. मग त्याने प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. सौभाग्यवतींना पोहता येत नाही. त्याने त्यांना आपल्याजवळ बसविले आणि म्हणाला, ‘‘दीदी, आप सिर्फ मेरी आवाज सुनना.’’ पुढचे दोन तास त्यांनी त्याचा शब्द असा झेलला, की वीस वर्षांच्या संसारात ते भाग्य माझ्या वाट्याला आलेले नाही.

मध्येच काठावर होड्या थांबतात. तेथे टपऱ्यांवर वाफाळती मॅगी आणि आल्याचा चहा मिळतो. ओल्या कपड्यांनी कुडकुडत, वाळूत उभे राहून खाल्लेल्या त्या शेवयांपुढे पंचपक्वान्ने फिकी पडावीत. चव जिभेवर असते हा आपला भ्रम आहे. निम्मी चव अंगातल्या थंडीत असते.

गावातले खाणे पूर्ण शाकाहारी. तीर्थक्षेत्र म्हणून मांसमासळीला मज्जाव आहेच. अंड्यांच्या विक्रीवरची बंदीही २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. बाजारात पुरी-आलू, कचोरी, जिलबी, दाट लस्सी. स्वर्गाश्रमात १९५८ पासूनचा ‘चोटीवाला’ आहे, त्याच्या दारात रंग फासलेला, शेंडी उभारलेला माणूस पुतळ्यासारखा बसून गिऱ्हाइके बोलावतो. परंतु खरी मेजवानी पहाडी ताटात आहे. आम्ही एका घरगुती खाणावळीत ते मागितले आणि मालकिणीने पुढे ठेवले ते पाहून सौभाग्यवती चकित झाल्या. मंडुव्याची भाकरी म्हणजे आपली नाचणी! गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ! झंगोऱ्याची खीर म्हणजे उपासाच्या वरीच्या तांदळाची चुलतबहीण. पालकाची दाटसर काफुली, उडीद भाजून भरडून केलेले चैंसू, वर भांगेच्या बियांची चटणी (तिने झिंग येत नाही, याची तरुण वाचकांनी नोंद घ्यावी), आणि फोडणीत जखिया नावाचे तडतडणारे बारीक काळसर दाणे. जखिया म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर तण म्हणून उपटून टाकतात ती पिवळी तिळवण. कोकणातल्या वरकस जमिनीने आणि गढवालच्या डोंगरउताराने एकमेकांना न विचारता एकच जेवण शिजविले आहे. डोंगर कुठलाही असो, त्याच्या अंगावर राहणाऱ्याला चढण्याची ताकद हवी, आणि ती नाचणी-कुळथातच असते.

आता मोहनचट्टी. लक्ष्मणझुल्याहून पंधराएक किलोमीटर आत, एका छोट्या नदीवर, कड्यातून पुढे काढलेला लोखंडी फलाट आहे. त्याची उंची ८३ मीटर. तेथून पायांना रबरी दोर बांधून माणसे स्वतःला खाली टाकतात. या खेळाचे मूळ प्रशांत महासागरातल्या पेंटेकोस्ट बेटावर आहे. तिथले पुरुष घोट्याला वेली बांधून लाकडी मनोऱ्यांवरून उड्या घेतात. १९७९ साली इंग्लंडात काही उनाडांनी ब्रिस्टलच्या पुलावरून तो प्रयोग केला आणि १९८८ साली न्यूझीलंडमध्ये त्याचा रीतसर धंदा झाला. ज्या मोहनचट्टीत पणजीबाईंनी पाय शेकले असतील, तेथे त्यांची खापरपणती पायाला दोर बांधून घ्यायला उभी होती.

कन्या अठराच्या आतली, म्हणून पालकाची सही हवी. कागद माझ्यापुढे आला. माझा धंदा शब्दांचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांचे अर्थ सांगून पोट भरले. पण ‘काही बरेवाईट झाल्यास’ या मजकुराचा अर्थ इतका लख्ख मला कधीच कळला नव्हता. पेन उघडून मी कितीतरी वेळ तसाच बसलो. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या दरीकडे पाहत होत्या.

समोर काम चालले होते, ते मी पाहू लागलो. मुलीचे वजन केले. ते तिच्या हातावर लिहिले. पुढच्या माणसाने ते पुन्हा केले आणि आकडा ताडून पाहिला, कारण दोर वजनाप्रमाणे निवडतात. पट्टे एकाने बांधले, दुसऱ्याने तपासले, तिसऱ्याने मोठ्याने म्हणून पुन्हा तपासले. कोणी घाई करीना, कोणी थट्टा करीना. कन्या म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही उत्तरपत्रिकासुद्धा इतक्यांदा तपासत नाही!’’

मी सही केली.

ती फलाटाच्या टोकाशी गेली. हात पसरले. तीन, दोन, एक. मग फलाटावर ती नव्हती. त्या तीन-चार सेकंदांत मी काय काय आठवले ते येथे लिहीत नाही. ज्यांना मुले आहेत त्यांना ते सांगावे लागणार नाही. खालून किंकाळी आली, तिच्या मागोमाग हसू आले, आणि सौभाग्यवतींनी माझा दंड सोडला. पाच बोटांचे वळ दोन दिवस होते.

उडी घेणाऱ्याला खाली नदीकाठी उतरवून घेतात आणि मग पायवाटेने वर चढून यावे लागते. या व्यवस्थेत मला शहाणपण दिसले. उडी सेकंदांची, चढण चांगली घामाची. पणजीबाईंची यात्राही बहुतेक अशी चढणीचीच होती. आणि त्यांच्या वेळचा टोपली ओढणारा माणूस, आजचा होडीवरचा गढवाली पोर, फलाटावर तिसऱ्यांदा पट्टा ओढून पाहणारा तरुण हे सगळे एकाच घराण्यातले वाटतात. धाडस पाहुण्यांच्या नावावर जमा होते. काळजी मात्र ही मंडळी वाहतात. ज्या ठिकाणी ती काळजी दिसत नाही, जाकिटाचा पट्टा कोणी ओढून पाहत नाही, तेथे स्वस्त मिळाले तरी होडीत पाय ठेवू नये. पावसाळ्यात होड्या बंद असतात. दसरा-दिवाळीनंतरचा काळ किंवा मार्च-एप्रिल उत्तम.

कन्या धापा टाकीत वर आली ती ‘भूक लागली’ म्हणतच. रस्त्याकडेच्या ढाब्यात तव्यावरच्या मंडुव्याच्या भाकरीवर पांढरे लोणी आणि वाटीत गहत. घरी नाचणी पाहून नाक मुरडणाऱ्या या मुलीने तीन भाकऱ्या संपविल्या आणि चौथी मागितली. ढाबेवाल्या आजींनी ती वाढताना विचारले, ‘‘बेटी, ऊपर से कूदी क्या?’’ तिने भरल्या तोंडाने मान हलविली. आजी म्हणाल्या, ‘‘तो और खा,’’ आणि न मागता लोण्याचा आणखी एक गोळा वर ठेवला.