खिडकींतल्या कांचा

जगांत संग्राहकांच्या दोन जाती आहेत: एक कुलुपाची आणि दुसरी खिडकीची. पहिल्या जातीचा मनुष्य एखादी वस्तु मिळाली, कीं ती कपाटांत ठेवतो आणि पाहुणे आले म्हणजे देवळाचा गाभारा उघडावा तशा थाटानें तें कपाट उघडतो. दुसऱ्या जातीचा मनुष्य घरांत उजेड कोठें आहे तें प्रथम पाहतो. माझा संग्रह रंगीत कांचेच्या जुन्या भांड्यांचा असल्यामुळें मला दुसरी जात पत्करण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. नाणें अंधारांतहि नाणेंच राहतें; जुन्या पोथीला तर अंधारच अधिक मानवतो; पण निळा पेला कपाटांत ठेवला, कीं तो नुसता काळा पेला होतो.

नारायण पेठेंतील आमच्या वाड्याच्या माडीवर पूर्वेकडे तोंड असलेली एक मोठी खिडकी आहे. तिच्या रुंद कट्ट्यावर आणि सुताराकडून बसवून घेतलेल्या दोन फळ्यांवर मिळून माझे एकसष्ट नग आहेत. त्यांत आजीच्या हळदीकुंकवाची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी आहे. गणपतीपुढें टांगीत असत त्या हंड्यांपैकीं एक हिरवी व एक तांबडी आहे. औषधांच्या निळ्या बाटल्या आहेत. पिंवळ्या बशा आहेत. आणि गळ्यांत गोटी अडकलेली सोडावॉटरची बाटलीहि आहे. ही शेवटची वस्तु पाहून पुष्कळ पाहुणे हंसतात. परंतु हायरम कॉड नांवाच्या इंग्रजानें १८७२ सालीं पेटंट घेतलेली ही युक्ति मला कित्येक महाकाव्यांहून निर्दोष वाटते. आंतल्या वायूच्याच दाबानें गोटी वर चढते आणि रबरी कड्याला घट्ट बसते. जो बाहेर सुटूं पाहतो तोच दाराला कडी लावतो! निम्म्याहून अधिक नग मंगळवार पेठेंतल्या जुन्या बाजारांतून, लोखंडी नळ आणि बिघडलेले पंखे यांच्या गर्दींतून मीं उचललेले आहेत. बाजारांत त्यांना फारशी किंमत नाहीं, हें येथेंच सांगून टाकलेलें बरें.

सकाळीं समोरच्या कौलांवरून ऊन येतें, तेव्हां वरच्या फळीवरच्या बशा प्रथम उजळतात. मग बाटल्यांची पाळी येते, आणि शेवटीं कट्ट्यावरच्या हंड्या. पाऊण तासभर खोलींतल्या जमिनीवर रंग सरकत असतात. डिसेंबरांत सूर्य खालून येतो, म्हणून तांबड्या हंडीचा ठिपका थेट माझ्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोंचतो. मे महिन्यांत तो कट्ट्याखालींच घुटमळतो. या वेळीं मी कांहींहि करीत नाहीं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचा सारा जन्म कशाचा तरी अर्थ सांगण्यांत गेला, त्याला निरर्थक वस्तूपुढें स्वस्थ बसण्यांत केवढें सुख आहे, याची कल्पना परीक्षेचे पेपर तपासणाऱ्यांनाच येईल.

रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माझ्या एका स्नेह्यानें मात्र या सुखांतहि ज्ञान मिसळलेंच. कांच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. तिला निळेपणा येतो तो कोबाल्टच्या चिमटीनें, तांबडा रंग सोन्यानें किंवा सेलेनियमनें, जांभळा मँगॅनीजनें, आणि माझ्या पिंवळ्या बशांपैकीं ज्या दोन अतिनील दिव्याखालीं हिरव्यागार चमकतात, त्यांच्यांत युरेनियम आहे. साध्या बाटलीचा हिरवटपणा तर कोणीं मुद्दाम घातलेलाच नसतो. तो वाळूंतल्या लोहाचा मळ आहे. हा मळ झांकण्यासाठीं पूर्वीचे कारखानदार कांचेंत बेतानें मँगॅनीज घालीत आणि कांच पांढरी स्वच्छ दिसे. परंतु अशी कांच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली, तर तिच्यावर हलकी जांभळी झांक चढते. आजीची मुरंब्याची बरणी माझ्या आठवणींत पांढरी आहे. आज खिडकींत ती वांग्याच्या फुलासारखी दिसते. जी कांच कपाटांत राहिली ती जशीच्या तशी राहिली. जी खिडकींत बसली तिनें ऊन अंगांत मुरवून घेतलें.

या मंडळींत एक जाड बुडाचा, ओबडधोबड, फिक्कट हिरवा पेला आहे. हा तळेगांवचा, असें आजोबा सांगत. अंताजी दामोदर काळे यांनीं गांवोगांव फिरून माणशीं एक पैसा मागितला, लोकमान्यांनीं त्या कार्याला पाठबळ दिलें, आणि त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना उभा राहिला. पुढें १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडांत महाराष्ट्रांतल्या कित्येक मुलांनीं अभ्यास केला. विलायती पेल्यांशेजारीं माझा हा तळेगांवकर अगदींच खेडवळ दिसतो. त्याच्या अंगांत बुडबुडे आहेत. पण उन्हाची तिरीप त्या बुडबुड्यांवर आली, म्हणजे शेजारचे गुळगुळीत साहेब फिके पडतात. हा स्वदेशाभिमान नव्हे. डोळ्यांनीं पाहून दिलेली साक्ष आहे.

आमच्या घरांत या संग्रहासंबंधीं एकच वाद आहे. “अहो, हीं भांडीं पाहायचीं कीं वापरायचीं?” असें पत्नी विचारते. तिचा पक्ष असा कीं, वापरायचीं असतील तर वापरावींत, नाहीं तर कपाटांत नीट ठेवावींत. खिडकींत मांजर येतें. मांजर येतें हें खरें आहे. परंतु फुटण्याच्या भीतीला मी घरच्या इतिहासानें उत्तर देतों. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. माझा जन्म त्यानंतरचा. पण ती हकीगत मीं लहानपणीं इतक्यांदा ऐकली, कीं पाण्याचा वास मला आठवतो. तळमजल्यावरचे पितळी हंडे वाहून गेले, शिसवी पेटी गेली, धान्य गेलें. चिखल उपसतांना कोनाड्यांत निळा पेला सांपडला. त्याला टवकाहि गेलेला नव्हता. तेव्हांपासून टिकाऊ आणि नाजूक या शब्दांवर माझ्या घराण्याचा विश्वास राहिलेला नाहीं. तडजोड म्हणून रविवारीं आम्ही दोघें याच पेल्यांतून कोकमाचें सरबत पितों.

आतां वाडा पडणार आहे. पुढल्या दिवाळीपर्यंत आम्हीं तो रिकामा करावयाचा असून त्या जागीं सात मजली इमारत होणार आहे. आमच्या वांट्याच्या सदनिकेचा नकाशा मीं पाहिला. बैठकीच्या खोलीची खिडकी उत्तरेकडे आहे, आणि तिच्यापुढें बारा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. नकाशा दाखविणारा तरुण मोठा सौजन्यशील होता. “सर, आपण भिंतींत कांचेचें कपाट करूं आणि आंत दिवे लावूं, तुमचीं भांडीं रात्रंदिवस चमकतील,” असें तो म्हणाला. त्याला कसें सांगूं, कीं रात्रंदिवस चमकणें हेंच मला नको आहे? विजेचा दिवा सरकत नाहीं. त्याला डिसेंबर ठाऊक नाहीं आणि मे ठाऊक नाहीं.

अशा वेळीं दिनकर केळकरांची आठवण येते. चष्म्यांचा धंदा आणि ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता करणाऱ्या या गृहस्थांनीं दिवे, अडकित्ते, वाद्यें, कांचेवरचीं चित्रें अशा सुमारें वीस हजार वस्तु जमविल्या. अकालीं गेलेल्या मुलाचें, राजाचें, नांव त्या संग्रहाला दिलें. आणि १९७५ सालीं तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. माझे एकसष्ट नग कोणतेंहि संग्रहालय घेणार नाहीं, आणि घेतले तरी तेथें त्यांना कुलूपच लागेल. म्हणून मीं दुसरा मार्ग धरला आहे. ज्यांच्या घराला पूर्वेची खिडकी आहे अशा माणसांची मीं यादी केली. कोथरूडला नवव्या मजल्यावर राहणारा पुतण्या, साताऱ्याची एक जुनी विद्यार्थिनी, आणि आमच्याकडे भांडीं घासायला येणाऱ्या मावशी. मावशींच्या एका खोलीच्या घरांत सकाळचें ऊन जितकें येतें तितकें आमच्या नव्या बैठकींत वर्षभरांत यायचें नाहीं. तांबडी हंडी त्यांच्याकडे जाईल. अट एकच: कपाटांत ठेवायचें नाहीं. तळेगांवचा पेला पत्नीनें स्वयंपाकघरासाठीं मागून घेतला आहे, आणि तो वापरांत राहील.

सोडावॉटरची बाटली मात्र मी कोणालाहि देणार नाहीं. ती हलविली, कीं आंतली गोटी वाजते, आणि तेवढें अंधारांतहि ऐकूं येतें.