तुफ्ता

सोव्हिएत श्रमछावण्यांत जंगलतोडीच्या टोळीला दिवसाचं काम नेमून दिलेलं असे आणि त्या मापानेच पाव मिळे. उपाशी माणसांच्या हातून तेवढं काम होणं शक्य नव्हतं. मग कैदी आधीच तोडून, मोजून ठेवलेल्या ओंडक्यांची टोकं करवतीने पातळशी उतरवत. आतलं ताजं लाकूड दिसू लागलं, की तोच ढीग नव्याने मोजला जाई. मुकादम लिही, साहेब सही करी, आकडा वर जाई. या सगळ्या बनवाबनवीला छावणीत नाव होतं 'तुफ्ता'.

तुरुंगातली बोली पहारेकऱ्याला कळू नये म्हणून जन्मते, असा आपला समज असतो. पुढे भाषा-साहित्याचा अभ्यासक म्हणून नावाजलेल्या दिमित्री लिखाचोव्हला १९२८ मध्ये अटक झाली आणि त्याची रवानगी सोलोव्हकी बेटांवरच्या छावणीत झाली. तिथे चोरांच्या सहवासात त्याने त्यांची भाषा टिपली. १९३५ च्या लेखात तो म्हणतो, की ही बोली गुपित राखायच्या कामाची नाहीच. चारचौघांत ती बोलणारा चोर उलट लगेच ओळखू येतो. मला हे पटतं. तुफ्ता काय ते पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं. त्याचंही पोट त्यावरच होतं ना!

मग हे शब्द कशासाठी? बरेचसे भुकेसाठी. रोजचा तोललेला पाव म्हणजे 'पाइका'. वजन भरावं म्हणून त्याला काडीने टोचलेला तुकडा, त्यालाही वेगळा शब्द. खंगून मरणाला टेकलेला माणूस 'दोखद्यागा', नाहीतर 'फितील', म्हणजे दिव्याची वात. कोठडीतल्या मैल्याच्या पिंपाला 'पराशा' म्हणत आणि माफीच्या, सुटकेच्या अफवांनाही पराशाच. आशेची इतकी रोखठोक किंमत मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिली नाही.

पण या बोलीच्या प्रेमात पडावं, तर वर्लाम शालामोव्ह आडवा येतो. कोलिमाच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढलेला हा लेखक गुन्हेगारांना नायक करणाऱ्या साहित्यावर संतापलेला होता. त्याचं कारण बोलीतच सापडतं. चोर स्वतःला 'माणसं' म्हणवत. राबणारा कैदी त्यांच्या लेखी 'मुझिक', म्हणजे कुणबी. आणि बाहेरचा भोळा 'फ्रायेर', म्हणजे लुबाडायला मोकळा. उतरंड शब्दांतच रचलेली होती, आणि तळाशी असलेल्याच्या हातचा पाव हिसकावला जाई. शिवाय ही बोली सगळी कैद्यांचीही नव्हती. अगदी 'झेक' हा कैद्याचा शब्दसुद्धा सरकारी कागदांवरच्या 'झे-का' या संक्षेपातून आलेला.

स्टालिन १९५३ मध्ये मेला आणि पुढच्या काही वर्षांत लाखो कैदी घरी परतले. त्यांच्याबरोबर तुफ्ताही गावोगावी पोहोचला. तो कुणाला फारसा समजावून सांगावा लागला नसेल. योजनेचे आकडे फुगवण्याचा धंदा कारखान्यांत आणि सामूहिक शेतांवरही जोरात होताच.