लाल रेघेच्या वरची जागा

गव्हाण, ता. पनवेल
रविवार, रात्री

चि. बायस,


फोन ठेवून जेवायला बसलो, पण घास उतरेना. काकूने विचारलं, काय झालं? म्हटलं, बायने ताटात बर्फ घालून त्यावर लॅपटॉप ठेवलाय. काकू म्हणाली, "मग बरंच की, थंड होईल." तिला समजावता समजावता आमटी निवली. तुला फोनवर सांगू लागलो की तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि मागे कुणाशी तरी बोलत असतेस, म्हणून वहीचा कागद फाडला. याचा फोटो काढून तुझा बाबा रात्रीच तुला पाठवेल. शेवटपर्यंत वाच.

आधी ते ताट काढ. काढलंस की पुढचं वाच.

मृग लागून आठवडा झाला, हवा ओली आहे. बाहेर २७ अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा असला, तर २३ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. रीफरचं, म्हणजे गार माल नेणाऱ्या कंटेनरचं, दार उघडलं की आतल्या गार खोक्यांना बघता बघता घाम सुटतो, पुठ्ठा हाताला मऊ लागतो. आयुष्यभर बघितलंय मी ते. लॅपटॉपच्या खालच्या पत्र्यालाही तोच घाम सुटणार, बाहेरून आणि आतूनही. बाहेरचा तू ओढणीने पुसशील. आतला बोर्डाजवळ बसेल. काम संपवून लॅपटॉप बंद केलास आणि बर्फ तसाच खाली राहिला, तर जास्तच धोका, कारण मग आतून ऊबही नाही. आणि तो लॅपटॉप तुझा नाही, मैत्रिणीचा आहे. ज्युरीच्या आदल्या रात्री तिचंही काम बुडवशील. एवढी शिकलेली मुलगी तू, आर्किटेक्ट होणार, उद्या लोकांच्या भिंतींना ओल का धरते हे तुलाच सांगायचंय.

आता तुझा प्रश्न, दोन्हींतला कुठला लॅपटॉप घ्यायचा. एक लॅपटॉप किलोच्या आत, करंगळीएवढा जाड, पंखा नाही. दुसरा सव्वादोन किलो, दोन पंखे, ग्राफिक्सची वेगळी चिप आणि वर विटेसारखा चार्जर. दुकानदाराने दोन्हींवर तोच बंगला फिरवून दाखवला, पातळ लॅपटॉप कुठे अडला नाही, म्हणून तुझं मन तिकडे गेलंय. दुकानात किती वेळ बघितलंस ते सांग. दोन मिनिटं? पातळ यंत्रही दोन मिनिटं जोरात पळतं. त्याचं धातूचं अंग गार असतं, सुरुवातीची उष्णता ते पिऊन घेतं. अंग तापलं आणि चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की ती स्वतःला वाचवायला वेग उतरवते. बिघडत काही नाही, सगळं नुसतं मंदावतं. तुझं रेंडर तीन-तीन तास चालतं. तुला तिसाव्या मिनिटाचा वेग हवा, आणि दुकानात दाखवतात पहिल्या मिनिटाचा.

हिशेब करून बघ, बारावीत केलेला आहेस. ४५ वॉट उष्णता हवेने बाहेर न्यायची आणि हवा २० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर सेकंदाला साधारण दोन लिटर हवा आत येऊन बाहेर गेली पाहिजे. सेकंदाला दोन लिटर, बाय! बॅटरी, बोर्ड, कीबोर्ड सगळं कोंबल्यावर करंगळीएवढ्या जाडीत त्या हवेला वाट कुठली? आणि जिथे पंखाच नाही तिथे उष्णता जाणार पत्र्यातून आणि तुझ्या मांडीतून. रोज मांडीवर गरम लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात, डॉक्टरांना ते ठाऊक आहेत. उशीवर तर कुठलाच लॅपटॉप ठेवू नकोस. गेल्या दिवाळीत ओटीवर तू तेच करत होतीस, मी दोनदा उशी काढून घेतली होती.

पातळपणाचं कौतुक मलाही आहे, नाही असं नाही. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने सॅन फ्रान्सिस्कोला कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तो व्हिडिओ तुझ्या बाबाने मला किती वेळा दाखवला असेल. १.३६ किलो. १९८१ साली ऑस्बोर्नचा उचलून न्यायचा संगणक आला होता तो ११ किलोंचा, झाकण लावलेल्या शिलाई मशिनीसारखा. एवढा पल्ला गाठला माणसाने, मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्या पहिल्या एअरमध्ये जागा नव्हती म्हणून हार्ड डिस्क घातली ती लहान आणि संथ, आणि यूएसबीचं तोंड दिलं एकच. मग २०१५ साली त्याच कंपनीने ९२० ग्रॅमचा बिनपंख्याचा काढला, तोही हलक्या कामापुरता. २०२० मध्ये मात्र एम-१ चिप आली आणि बिनपंख्याचं यंत्रही दणकून काम करू लागलं. चिपच मुळात कमी तापते, म्हणून कमी जागेत भागतं. हे मी मोकळेपणाने मानतो. तरी तीच चिप त्याच वर्षी दोन अंगांत आली होती, एकात पंखा, एकात नाही. छोट्या कामात दोघं सारखे. लांबच्या कामात बिनपंख्याचा मागे पडायचा. चिप तीच, फरक फक्त वाऱ्याचा. माझं म्हणणं याहून वेगळं काय आहे?

लाल रेघ आठवते तुला? तिसरीत असताना तुला बंदराच्या बाजूच्या यार्डात नेलं होतं, रिकाम्या रीफरमध्ये उभी राहून आपलाच आवाज ऐकत होतीस. तूच विचारलं होतंस, काका, ही लाल पट्टी कशाला? आतल्या भिंतीवर, छताच्या थोडी खाली ती रेघ असते. माल तिच्या वर चढवायचा नाही. गार हवा जमिनीच्या खाचांतून येते, खोक्यांमधून वर चढते आणि छताखालच्या मोकळ्या पट्ट्यातून यंत्राकडे परतते. परतीची वाट बुजली की यंत्र कितीही चांगलं असो, हवा फिरत नाही.

बंदर १९८९ साली सुरू झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांत मी आयटीआयचा कागद घेऊन कामाला लागलो. नवा होतो. एका फेब्रुवारीत नाशिककडच्या एका पॅकहाउसवर मला कंटेनरबरोबर पाठवलं. द्राक्षं होती. माल भरणाऱ्यांनी रेघेच्या वर दोन थर चढवले. मला दिसलं. मी म्हटलं, साहेब, रेघ. ते म्हणाले, एवढी जागा वाया घालवायची का? मी गप्प बसलो आणि कागदावर सही केली. यार्डात आणून प्लग लावला, तर परतीच्या हवेचं तापमान काही केल्या उतरेना. सील तोडून दार उघडलं तेव्हा वरच्या थरांतले मणी मऊ पडले होते आणि वास सुटला होता. एखाद्या शेतकऱ्याची वर्षाची मेहनत होती ती. मी नंतर पुष्कळ कंटेनर दुरुस्त केले, पण आजही कुणी 'एवढी जागा वाया' म्हटलं की माझ्या नाकात तो वास येतो.

तुझ्या आजोबांनी बांधलेलं घर तू पाहिलं नाहीस, पाडलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. कौलं, खाली माळा, माळ्यावर फक्त गवत आणि भाताची दोन-चार पोती. गरम हवा वर चढायची आणि कौलांच्या फटींतून निघून जायची. मेमध्येही खाली घोंगडी अंथरून पडलं की झोप लागायची. आम्ही शहाणे झालो, स्लॅब टाकला, माळ्याची जागा वाचवली. आता रात्री अकराला भिंतीवर हात ठेव, भाकरीच्या तव्यासारखी लागते. आजी शेवटची दोन वर्षं अंगणातच झोपायची. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि खाजणाचं तेच. मिठागरं, खाजण, बांध, उघाड्या, हे सगळं नकाशात रिकामं दिसतं. उधाणाचं पाणी येऊन बसायची ती जागा, ओहोटीला परत जायचं. सिडकोच्या आखणीतसुद्धा धारण तलाव आहेत. भरती असली की झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की समुद्रात. म्हणजे आखणाऱ्यांनाही रिकाम्या जागेचं मोल कळलं होतं. पण माणसाला रिकामी जागा बघवत नाही. भराव पडत गेला. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचं पात्र वळवलं. विमानतळ नको होता असं मी म्हणत नाही, आपल्या गावच्या पोरांना तिथे काम मिळतंय आणि ते मिळालंच पाहिजे. पण जुलैत मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की मी रात्री उठून दारात उभा राहतो. पाणी गल्लीत कुठवर आलंय ते बघतो. त्याला बसायला जागा कुठे उरली?

तू म्हणशील, मी लॅपटॉप विचारला आणि काका खाजणात शिरले. पण मला हे वेगळं दिसतच नाही.

तुझ्या खांद्याचं मात्र मी विसरलेलो नाही. फोनवर तू म्हणालीस, "जुनं धूड पाठीवर घेऊन बस पकडताना रडू येतं." ते ऐकून मला माझा उजवा खांदा आठवला. गेज, पाने, व्हॅक्यूम पंप, सगळं एका पिशवीत घालून शिडीवर चढायचो. तेव्हा ताकद होती, आता तो हात डोक्याच्या वर जात नाही. तेव्हा तू वजन मोजतेस ते बरोबरच आहे. सव्वादोन किलो, वर चार्जर, पाण्याची बाटली, शीटची नळी, हे सगळं घेऊन तू कॉलेज, साइट आणि महिन्यातून एकदा एसटीने पनवेल करणार. माझ्या हट्टापायी तुझी पाठ मोडायची नाही.

म्हणून मी असं ठरवलंय. हलका घे, पण पंखा असलेला. सव्वा-दीड किलोत असे मिळतात. जाडी थोडी वाढली तर वाढू दे. मेमरी घेतानाच जास्त घे, कारण पातळ यंत्रांत ती बहुतेक वेळा बोर्डावरच जडवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. सोळाऐवजी बत्तीस. वरचे पैसे मी देतो, बाबाला विचारू नकोस. दुकानात जाताना तुझं स्वतःचं सगळ्यात जड मॉडेल पेनड्राइव्हवर ने आणि अर्धा तास रेंडर लावून ठेव. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. त्या अर्ध्या तासात खालच्या बाजूला हात लावून बघ आणि शेवटच्या पाच मिनिटांचा वेग सुरुवातीशी ताडून बघ. आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला नको, बॅटरीवर असू दे. तू साइटवर बॅटरीवरच काम करणार.

मोठी रेंडरं त्याच्यावर करायचीच नाहीत. माझा टॉवरवाला संगणक इथे धूळ खात पडलाय, त्याच्या पोटात माझी मूठ फिरते एवढी मोकळी जागा आहे. नवीन ग्राफिक्स कार्ड घालून बाबा शनिवारी घेऊन येतोय, खोलीतल्या टेबलाखाली ठेव. बसमध्ये हलकं यंत्र आणि खोलीत जड. तुमच्या पुण्यातच सी-डॅकने १९९१ साली 'परम' केला तो असाच ना, एका महागड्या चिपवर सगळा भार न टाकता पुष्कळ साध्या प्रोसेसरांत काम वाटून. वाटून घेतलं तर कुणालाच एवढं तापावं लागत नाही.

टॉवर भिंतीला चिकटवू नकोस. मागे वीतभर जागा सोड.

एक विचारायचं राहिलं. फोनवर तू दिवसाचा हिशेब सांगितलास. सकाळी सहाला बस, मग कॉलेज, साइट, संध्याकाळी त्या ऑफिसातलं ड्राफ्टिंग, रात्री दोनपर्यंत शीट. मी मनात बेरीज करत होतो. तू झोपतेस कधी ते त्यात आलंच नाही. जेवणही आलं नाही. लॅपटॉप गरम होतो म्हणून तू बर्फ आणलास, आणि स्वतःला ताप होता तो शेवटी सांगितलास, फोन ठेवता ठेवता, जसा काही तो माझ्या कामाचा नव्हताच. किती होता? मोजलास का? पुण्यात सध्या डासही आहेत. दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घे. मैत्रिणीला सांग, मला सांग, पण एकटी राहू नकोस. काकू म्हणतेय, शनिवारी बाबाबरोबर तीही येईल, सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. मी नको म्हटलं नाही.

लॅपटॉपखालचं ताट काढलंस का? दोन दिवस तो चालू करू नकोस, उघडून पंख्याखाली पालथा ठेव. आणि ताप किती आहे ते आत्ताच मोजून कळव, मी जागा आहे.

तुझा,
काका