हुंकार

गोष्ट सांगणारा एक आणि हुंकार देणारा एक, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. सांगणारा दोन वाक्ये बोलून थांबतो, ऐकणारा "हं" म्हणतो, मग गोष्ट पुढे सरकते. हुंकार थांबला की समजावे, ऐकणाऱ्याला झोप लागली किंवा गोष्ट फसली. लिहिणाऱ्याला हा हुंकार मिळत नाही. म्हणून ज्याला लिहायचे आहे, मग ती कल्पित कथा असो की घडलेली हकिकत, त्याने ती आधी कुणाला तरी तोंडाने सांगून पाहावी असे माझे मत झाले आहे.

हे मत डॉर्मिटरीत तयार झाले. लाइट्स आउट आणि झोप यांच्यामधली दहा-पंधरा मिनिटे आमची असतात (हाउस मास्टर सर फेरीवर नसले तर). माझ्या एका बाजूला रोहतकचा मित्र, दुसऱ्या बाजूला दरभंग्याचा, समोर कोट्टयमचा. गोष्ट हिंदीत सांगावी लागते. मराठीतली निम्मी गंमत वाटेतच गळून जाते आणि काय घडले तेवढेच उरते. तेवढ्यावर तिघे जागे राहिले तर गोष्ट पक्की.

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघेही नावाजलेले लेखक, पण व्यासपीठावर उभे राहून कथाकथन करण्यासाठीही ते तितकेच प्रसिद्ध होते. त्यांच्या कथा वाचताना समोर कुणीतरी बसून सांगते आहे असे वाटते, त्याचे मला आता नवल वाटत नाही.

पण आपल्यासारख्या लष्करी शाळेतल्या मुलांनी वाचावे असे पुस्तक मला विचाराल तर मी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' सांगेन. कोकणातल्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा दिला तेव्हा ते शहरातच होते. पुढे काळपीच्या वाटेवर त्यांना राणी लक्ष्मीबाई दिसल्या. थकलेल्या, तहानलेल्या. भटजी विहिरीतून पाणी काढून देऊ लागले, तर राणीने त्यांना थांबवले आणि स्वतःच पाणी काढून ओंजळीने प्यायले. लढाईचे नकाशे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात मिळतात, पण ही ओंजळ गोडसे भटजींमुळे मिळाली. त्यांनी हे लिहिले १८८३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, आणि पुस्तक छापून आले १९०७ मध्ये. मधल्या काळात घरी, ओसरीवर हे सगळे कितीदा सांगून झाले असेल! त्यात ऐकीव भागही आहे, तो तसा समजूनच वाचावा लागतो. तरी जे डोळ्यांनी पाहिले ते लगेच ओळखू येते.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्व आघाडीवर होते. घरात आम्हांला एवढेच ठाऊक होते: पलटण, साल आणि पेटीतली पदके. मी हे डॉर्मिटरीत सांगितले तेव्हा पाच मिनिटांत संपले. मग प्रश्न सुरू झाले. कोट्टयमवाल्याने विचारले, नदी ओलांडली तेव्हा बुटांचे काय केले? दरभंग्याचा म्हणाला, खाल्ले काय? एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते मी वहीत लिहून घेतले आणि दिवाळीच्या सुट्टीत आजोबांपुढे ठेवले.

"लढाई कशी झाली" असे विचारले की आजोबा एका वाक्यात उत्तर देतात. बुटांचे विचारले तेव्हा दुपारभर बोलले. बूट गळ्यात बांधले होते. लेसची गाठ भिजून इतकी आवळली की ती दातांनी सोडवावी लागली. खिशात चणे-गूळ होता, तोही भिजला. एका गावात एका म्हातारीने सुपातून चुरमुरे आणून दिले. तिची भाषा यांना कळेना, यांची तिला. सूप रिकामे होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

मग मी त्यांच्या सोबत्याविषयी विचारले. शेजारच्याच गावचा, दोघे एकत्र भरती झाले होते. तो परत आला नाही. आजोबा थोडा वेळ गोठ्याकडे बघत राहिले. "म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय रे," म्हणाले आणि उठले.

कथा लिहायची असती तर ही जागा मी भरून काढली असती. तसे तीन शेवट माझ्या डोक्यात तयार आहेत आणि तिन्ही शेवटांना डॉर्मिटरीत हुंकार मिळेल याची मला खात्री आहे. पण ही हकिकत आहे, आणि जो गेला त्याच्या घरची माणसे आजही त्या गावात राहतात. तेव्हा माझ्या वहीत त्या ठिकाणी एवढेच लिहिले आहे: आजोबा उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. डाव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही. दर डिसेंबरात ते नारळ घेऊन त्या सोबत्याच्या घरी जातात, हे मला आईने परवा फोनवर सांगितले. हिवाळ्याच्या सुट्टीत या वेळी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. वही घरी ठेवून.