आधी पाड्याचं वेळापत्रक

परदेशी विद्यापीठाच्या पत्रात तारखा आधीच ठरलेल्या होत्या : जून ते ऑगस्ट. त्यांच्या उन्हाळी सुट्टीत समाजकार्याच्या काही विद्यार्थ्यांना आदिवासी भागात क्षेत्रकार्यासाठी पाठवायचं होतं. मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयात क्षेत्रकार्याचं नियोजन माझ्याकडे. मी जव्हार तालुक्यातलं साखरशेत सुचवलं. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि वेळ पडलीच तर जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठता येतं.

तारखा घेऊन अंगणवाडीत गेले. सेविकाताई वजनाच्या नोंदी भरत होत्या. वहीतून मान वर न काढताच म्हणाल्या, "मॅडम, आवणीत कोण भेटणार त्यांना?"

मग त्यांनीच वर्ष उलगडून सांगितलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, जूनमध्ये पेरणी, जुलैपासून भाताची आणि नाचणीची आवणी, म्हणजे रोपांची लावणी. बाया दिवसभर चिखलात. घरी तान्ह्यापाशी जेमतेम सात-आठ वर्षांची बहीण. कणगीतलं धान्य याच दिवसांत तळाला जातं, जुलाब-ताप याच दिवसांत येतात आणि मुलांची वजनं घसरतात तीही याच दिवसांत. कापणी उरकून दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. परत येणं शिमग्याला.

म्हणजे कुपोषण बघायला पावसाळा सगळ्यांत 'सोयीचा'. अडचण नेमकी तिथेच होती. १९९२ मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे जव्हार-मोखाड्याचं नाव देशभर पोचलं. तेव्हापासून बाहेरचा माणूस पावसाळ्यातच येतो, हडकुळ्या मुलाचा फोटो काढतो आणि जातो. येणारे विद्यार्थी त्याच रांगेत उभे करायचे नव्हते.

मी विद्यापीठाला कळवलं, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येणार असाल तरच पुढे बोलू. दोन महिने पत्रं इकडून तिकडे गेली; शेवटी त्यांनी क्षेत्रकार्य हिवाळी सत्रात बसवलं. त्यामुळे विद्यार्थ्यांना कापणी दिसणार होती, दिवाळीनंतर रिकामी होत जाणारी घरं दिसणार होती, आणि शेवटच्या टप्प्यात त्याच कुटुंबांच्या मागे भट्टीवर जाता येणार होतं. मूल अंगणवाडीच्या यादीतून निघालं की भट्टीवर त्याच्या आहाराचं आणि लसीचं काय होतं, हा अभ्यासाचा विषय ठरला.

कागदपत्रांचं काम किचकट असलं तरी त्याची वाट ठरलेली असते. व्हिसा पर्यटनाचा चालणार नाही. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची नोंद कळवावी लागते. विमा हवा, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठे आहे ते आधी विचारून ठेवायला हवं.

खरा वेळ गेला तो कामाच्या वाटणीत. मराठी न येणाऱ्या मुलीने गृहभेटीत करायचं काय? प्रत्येकीबरोबर आमची एक विद्यार्थिनी आणि गावातला एक तरुण, असं त्रिकूट केलं. तरुणाला मानधन परदेशी विद्यापीठाने द्यायचं. दंडाचा घेर मोजण्याची पट्टी सेविकेच्याच हातात राहील, ११.५ सेंटिमीटरखाली आकडा गेला की पुढे काय होतं, ते विद्यार्थ्यांनी तिच्यामागून चालत शिकायचं. मुलांचे फोटो नाहीत. अहवाल विद्यापीठात जाण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचायचा.

एका अटीवर मात्र समोरून हरकत आली. विद्यार्थ्यांच्या गुणांपैकी पाचवा हिस्सा सेविकाताईंच्या हाती असावा, असं मी लिहिलं होतं. त्यांच्याकडे समाजकार्याची पदवी नाही, असं उत्तर आलं. मी २०१४ ची समाजकार्याची जागतिक व्याख्या पुढे केली. मूलनिवासींचं ज्ञान हा या व्यवसायाचा एक पाया आहे, असं ती सांगते आणि त्यांच्याच पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ती आहे. त्यावर अट मान्य झाली.

ताईंना हे सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, "नापास करता येईल ना?"

येईल, म्हटलं. करारात तसं लिहून घेतलं आहे.