शिळ्या भाताचा हिशेब

जून उजाडला की व्यापारी घरांतील मुलामुलींची उच्च शिक्षणासाठी पुण्याकडे रवानगी सुरू होते. बार्शी, लातूर, जालना अशा गावांहून येणारे पालक महाविद्यालयाची फी, खोलीचे भाडे, अनामत रक्कम आणि बसथांब्याचे अंतर यांची बारकाईने चौकशी करतात. मेस शाकाहारी आहे ना, कांदा-लसणाविना जेवण मिळेल का, सूर्यास्तापूर्वी डबा पोहोचेल का, हेही आवर्जून विचारले जाते. मात्र दुपारी आलेला डबा मुलगा किती वाजता उघडणार, उरलेल्या भाताचे तो काय करणार, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मूल शुद्ध शाकाहारी जेवते, एवढ्यावर घरच्यांचे समाधान होते.

या विषयाची माहिती तरुणांना अजिबात नसते, असे मात्र नाही. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे अन्नसुरक्षेविषयीचे ज्ञान आणि त्यांच्या प्रत्यक्ष सवयी यांच्या पाहण्या अनेक देशांत झाल्या आहेत. ज्ञान आणि आचरण यांत अंतर असल्याचे त्यांतून वारंवार दिसून आले आहे. हात धुण्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना येते. शिजलेले अन्न किती तापमानाला आणि किती वेळ ठेवावे, या प्रश्नापाशी पुष्कळजण अडखळतात. ज्यांना उत्तर येते, त्यांतलेही सर्वजण तसे वागतात असे नाही. भूक लागलेली असते, परीक्षा जवळ असते, आणि अन्न टाकून देणे जिवावर येते.

वाणिज्य शाखेत शिकणारा, किराणा दुकानदाराचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. सुटीत तो दुकानात बसतो, तेव्हा नवा माल मागे आणि जुना माल पुढे लावायला त्याला कोणी सांगावे लागत नाही. आधी आलेला माल आधी विकायचा, मुदत संपत आलेला पुडा बाजूला काढायचा, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. तोच मुलगा सदाशिव पेठेतल्या खोलीत मात्र सकाळी ११ वाजता आलेला डबा दुपारी साडेतीनला उघडतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून दुपारचा भात झाकून ठेवतो आणि रात्री गरम करून खातो. घरून आलेल्या चटणीच्या डब्यात ओला चमचा फिरतो. चौघांच्या सामाईक फ्रिजमध्ये कोणाचे पनीर कोणत्या तारखेचे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. दुकानातील नजर खोलीच्या दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते.

यातला भात विशेष विचार करण्याजोगा आहे. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूंची बीजे असू शकतात आणि ती शिजवण्यानेही नष्ट होत नाहीत. गरम भात तास-दोन तासांत खाल्ला, तर सहसा काही बिघडत नाही. तो खोलीच्या तापमानाला पडून राहिला, तर त्या बीजांपासून जिवाणू तयार होऊन वाढू लागतात आणि काही प्रकारचे जिवाणू अन्नात विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. जिवाणू मेले तरी विष उरते. ‘नीट गरम केले की चालते’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. अन्नाला वास येईलच, चव बदलेलच, असेही नाही.

२००८ साली ब्रुसेल्समध्ये घडलेली एक घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. २० वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवसांपूर्वी शिजवलेली, बाहेरच राहिलेली शेवयांसारखी पास्ता टोमॅटोच्या रश्शासह गरम करून खाल्ली. थोड्याच वेळात त्याला उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ त्याने पाहिली नाही. त्याच्या अन्नात याच जिवाणूचे विष सापडले. अशी टोकाची परिणती फार क्वचित होते. बहुतेकांचे उलट्या-जुलाबांवर निभावते. पण ते दोन दिवस परीक्षेचे असले, तर वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते.

शाकाहार असला की अन्न आपोआप निर्धोक ठरते, हा समज व्यापारी जैन कुटुंबांत फार खोलवर रुजलेला आहे. शाकाहाराचे महत्त्व निर्विवाद असले, तरी जिवाणू भाताला, पनीरला, ओल्या चटणीला किंवा चिरून ठेवलेल्या फळांना वगळत नाहीत. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. तपासाअंती संशय स्थिरावला तो मोड आलेल्या मेथीवर. मेथीचे बी बाहेरच्या देशातून आलेले होते. ऊब आणि ओल ही दोन्ही मोड येण्यासाठी लागतात, आणि जिवाणूंना वाढण्यासाठीही तीच हवी असतात.

पाण्याचेही तसेच आहे. पाणी गाळून पिण्याची परंपरा जैन घरांत जीवदयेतून आली आणि ती जपण्यासारखीच आहे. परंतु कापडाच्या गाळणीतून विषमज्वराचे किंवा काविळीचे सूक्ष्म रोगकारक अडत नाहीत, ते उकळण्याने नष्ट होतात. व्रतस्थ माणसे उकळलेले पाणी पितात आणि त्या पाण्यालाही काळाची मर्यादा पाळतात. खोलीवर राहणाऱ्या मुलाने यातले गाळणे सोडून दिले आणि उकळणे कधी शिकलाच नाही, तर दोन्हीकडून तोटा होतो. रस्त्यावरच्या सरबतातील बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, याची चौकशी करण्याचे तर त्याच्या मनातही येत नाही.

घरातील जुन्या नियमांकडे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. अनेक घरांत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस अशी मानली जाते. ज्या पदार्थाची चव पालटली, तो ‘चलित रस’ म्हणून वर्ज्य ठरतो. रात्रीचे ओलसर अन्न सकाळी खायचे नाही, असा दंडक आहे. या नियमांचा मूळ हेतू अहिंसेचा आहे. तरीही ऋतू, ओल आणि वेळ यांचे अन्नाशी असलेले नाते त्यांत अचूक ओळखलेले दिसते. अडचण अशी की हे नियम पुढच्या पिढीकडे केवळ ‘असे करायचे नसते’ या शब्दांत पोहोचले. गावी आजीच्या धाकाने ते पाळले गेले. पुण्यात धाक उरला नाही आणि कारण तर कधी सांगितलेच गेले नव्हते.

कारण सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अन्नसुरक्षेची पाच सूत्रे मांडली: स्वच्छता राखावी, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवावे, अन्न पूर्ण शिजवावे, ते योग्य तापमानाला ठेवावे आणि पाणी व जिन्नस सुरक्षित वापरावेत. यातले चौथे सूत्र विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक मोडले जाते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो, आणि पुण्यातील कोणतीही खोली बाराही महिने या पट्ट्यातच असते. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. ठेवायचेच असेल तर पसरट भांड्यात काढून लवकर फ्रिजमध्ये ठेवावे, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करावे आणि उरले तर पुन्हा ठेवू नये. उशीर होणार असेल तेव्हा भाताऐवजी खाखरा, भाजलेले चणे, सोलून खायचे फळ असा कोरडा किंवा ताजा आधार जवळ असावा.

मेस ठरवतानाही थोडी व्यापारी चौकसबुद्धी वापरावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे. त्यानुसार अन्नाचा व्यवसाय करणाऱ्यांना परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच कसला? त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरात एक चक्कर टाकणे, पिण्याच्या पाण्याची टाकी पाहणे, वाढणाऱ्यांच्या हातांकडे लक्ष देणे. स्वतः खाद्यपदार्थ विकणाऱ्या माणसाला या गोष्टी दोन मिनिटांत कळतात.

आजारपण आलेच, तर पहिली गरज शरीरातील पाणी आणि क्षार भरून काढण्याची असते. जलसंजीवनीची पाकिटे खोलीत असावीत. ती नसतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवून थोडे थोडे प्यावे. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, पोटात काहीच न ठरणे किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. घरच्यांना काळजी नको म्हणून आजार लपवणारी मुले पुष्कळ असतात. त्यांना फोनवर ‘काय जेवलास?’ एवढेच न विचारता ‘केव्हाचे जेवलास?’ असेही विचारावे.

दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतील. त्या दिवसांत त्यांना दुकानाच्या गल्ल्यावर बसवतात, तसे अर्धा तास स्वयंपाकघरातही उभे करावे, मुलींना आणि मुलांनाही. दूध कसे तापवून ठेवतात, फ्रिजमध्ये काय वर आणि काय खाली जाते, लोणच्याच्या बरणीला कोरडाच चमचा का, हे हाताने करून पाहिले की विसरत नाही. आणि परत जाताना फराळाचे डबे भरले जातील, तेव्हा प्रत्येक डब्यावर केल्याची तारीख आणि संपवण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी मुलाकडूनच चिकटवून घ्यावी. दुकानातला नियम खोलीवर नेण्याची सुरुवात तेवढ्यानेही होऊ शकते.