भूपतगडास अनावृत पत्र

सूर्यमाळ, ता. मोखाडा

तीर्थस्वरूप भूपतगड यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व क्षेम. पाऊस सरला, नागली कापून झाली, वरई खळ्यावर आली. आणि मुंबईची माणसं पुन्हा येऊ लागली. कुणी कसाऱ्याला उतरून खोडाळ्यावरून येतात, कुणी स्वतःची गाडी घेऊन. देवबांधच्या गणपतीला हात जोडून झाले की विचारतात, "एका दिवसात होईल असा किल्ला आहे का इथे?" मी तुमचं नाव सांगते. झापला जा, तिथून चिंचपाडा, पुढे चढण फार नाही. परतताना त्यातलेच काही म्हणतात, "वर काहीच नाही हो."

मग मला तुमचाच राग येतो. इतकं कसं अबोल असावं? ढासळलेला दरवाजा, गवतात बुडालेला तट एवढंच दाखवता आणि गप्प बसता. सांगा ना त्यांना, की १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जव्हारच्या नेमशहाला राजा मानलं, आणि तुमच्याच मुलखातलं हे मुकणे घराण्याचं महादेव कोळी राज्य १९४८ पर्यंत टिकलं. सुरतेच्या वाटेवर असलेल्या शिवाजी महाराजांचं जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपामाळावर स्वागत केलं, ही गोष्ट जव्हारला कुणीही सांगेल. तुम्ही मात्र हूं की चूं करत नाही.

लहानपणी बाबांनी मला प्रथम वर आणलं ते थेट टाक्यांपाशी. "आधी पाणी बघ," म्हणाले, "राहणाऱ्यांनी आधी त्याचीच सोय केली." मग कड्यावर नेऊन खाली पिंजाळ नदी दाखवली. तेव्हापासून मला तुमचा तट कमी आठवतो, ती टाकी जास्त.

म्हणून आता मनातलं सांगते. मुंबई आमच्या वैतरणेचं पाणी पिते. १९५७ ला मोडकसागर झाला, १९७३ ला ऊर्ध्व वैतरणा, २०१४ ला आमच्याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणेचं १०२ मीटर उंच धरण. तुमच्या पायथ्याच्या पिंजाळवरही धरणाचा बेत आहेच. आणि वैशाखात आमच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात हे का व्हावं? मुंबईच्या लेकरांना पाणी मिळू नये असं नाही हो माझं म्हणणं. पण ज्या डोंगरांचं पाणी, त्यांच्या कुशीतल्या पाड्यांना ते आधी मिळावं.

तेव्हा विनंती अशी, की येतील त्यांना फोटो काढून लगेच उतरू देऊ नका. टाक्यांपाशी थोडं बसवा. कड्यावरून पिंजाळचं खोरं दाखवा. आपल्या नळाला येणारं पाणी अशाच डोंगरांतून येतं, हे त्यांना तिथेच कळू दे. वाट दाखवायला चिंचपाड्यातलं कुणी बरोबर घ्या आणि त्याला त्याची मजुरी द्या, हे मी खालीच सांगून पाठवते.

कळावे, लोभ असावा.
आपली,
सूर्यमाळची एक लेक

ता. क. : आणलेल्या बाटल्या परत न्यायच्या, हेही बजावते. टाक्यांत पडलेल्या दिसल्या तर मला कळवा.